नवं घेण्याआधी जुनं बंद करा
छोट्या-मध्यम संस्थेची संगणक यंत्रणा सुटसुटीत करायची असेल, तर सुरुवात खरेदीने नव्हे, यादीने करा. एका तक्त्यात प्रत्येक सर्व्हर, सॉफ्टवेअर आणि क्लाउडवरची सेवा लिहा. समोर चार रकाने: कोण वापरतं, कशासाठी, नूतनीकरण कधी, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे. शेवटच्या रकान्याशी बहुतेकजण अडतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ज्या सर्व्हरपुढे कोणाचंच नाव लागत नाही, तो लगेच पुसू नका. पूर्ण बॅकअप घ्या, मग तो फक्त नेटवर्कपासून तोडा आणि निदान एक तिमाहीअखेर जाऊ द्या. पगार, हिशेब, कराची विवरणपत्रं ही कामं महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदाच चालतात. आठवडाभर तक्रार आली नाही म्हणजे सर्व्हर बिनकामाचा ठरत नाही. तिमाही शांतपणे गेली की मगच तो कायमचा बंद करा, आणि त्याची लायसन्सही रद्द करा. हे हमखास राहून जातं, पैसे मात्र जात राहतात.

एकाच कामाच्या दोन सेवा असतील तर एक ठेवा.

सपोर्ट संपलेली, म्हणजे ज्यांना कंपनीकडून नेहमीची सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत अशी यंत्रं यादीत सगळ्यात वर घ्या. विंडोज सर्व्हर २०१२ चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अशी यंत्रं बदलताना त्यांवरचं काम आधीच्याच एखाद्या सेवेत सामावतं का, हे तपासा. पुष्कळदा नवा सर्व्हर लागतच नाही.