गव्हाच्या पानातलं पेरॉक्सिडेज कसं मोजायचं?

तांबेऱ्याची बुरशी पानात शिरू लागली की गहू आपल्या पेशींच्या भिंती टणक करायला घेतो. त्या कामात पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून लिग्निन, म्हणजे भिंतीला टणकपणा देणारा पदार्थ, सांधतं. कायटिनेज आणि ग्लुकनेज ही विकरं थेट बुरशीचीच भिंत फोडतात, पण पेरॉक्सिडेज मोजायला कॉलेजची साधी लॅब पुरते.

कुंड्यांत दोन वाण लावा: तांबेऱ्याला चटकन बळी पडणारा लोक-1 आणि निफाडच्या संशोधन केंद्राचा तपोवन. बीजाणू नाशिक भागातल्याच शेतातले घ्या, बाहेरगावचे आणू नका. संध्याकाळी अर्धा लिटर पाण्यात ट्वीन-20 (पाणी पानावर नीट पसरवणारा साबणासारखा द्रव) चे दोन थेंब आणि बीजाणू मिसळून फवारा आणि कुंड्या रात्रभर पॉलिथिनने झाका. पान सुकलं तर बीजाणू रुजत नाही. निम्म्या कुंड्यांवर बीजाणूंशिवाय तेच पाणी मारा. 0, 24, 48 आणि 72 तासांनी नमुने घ्या, दर वेळी नव्या रोपाचे. खुडलेल्या रोपात जखमेमुळेच पेरॉक्सिडेज वाढतं.

अर्धा ग्रॅम पान बर्फावर ठेवलेल्या खलात, 5 मिली गार फॉस्फेट बफर (0.1 मोलर, पीएच 7) आणि 50 मिलिग्रॅम पीव्हीपी (पानातली फिनॉल धरून ठेवणारी पावडर) घालून वाटा. पीव्हीपी विसरलात तर अर्क तपकिरी पडतो आणि आकडे बिघडतात. 10,000 जी, 4 अंश, 15 मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ घ्या.

100 मिली बफरमध्ये 0.22 मिली ग्वायकॉल मिसळा; पेरॉक्सिडेज पेरॉक्साइडच्या मदतीने त्याचं नारिंगी रंगाच्या पदार्थात रूपांतर करतं. क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या छोट्या पारदर्शक नळीत) हे द्रावण 2.85 मिली, अर्क 50 मायक्रोलिटर. शेवटी पेरॉक्साइड 100 मायक्रोलिटर (30 टक्क्यांचं 1 मिली, पाण्याने 33 मिली केलेलं, रोज ताजं). 470 नॅनोमीटरवर दर 10 सेकंदांनी मिनिटभर वाचन घ्या. मिनिटाला वाढलेल्या ओडीला (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचा आकडा) 22.6 ने गुणलं की ग्रॅमभर ओल्या पानामागे मिनिटाला तयार झालेल्या रंगीत पदार्थाचे मायक्रोमोल मिळतात, ओडी 0.25 वाढला तर साधारण 5.6. रंग पहिल्या 10 सेकंदांतच गडद नारिंगी झाला तर अर्क दहापट पातळ करा आणि उत्तराला 10 ने गुणा. पेरॉक्साइडऐवजी पाणी घातलेला कोरा नमुना चुकवू नका.

जुन्या पानात पेरॉक्सिडेज मुळातच जास्त असतं, म्हणून सगळीकडे वरून दुसरंच पान घ्या. नुसता मोठा आकडा म्हणजे प्रतिकार नव्हे. बळी पडलेल्या लोक-1 मध्येही फोड आल्यावर तो चढू शकतो, तेव्हा 24 आणि 48 तासांची वाचनं पाण्याच्या कुंड्यांशी ताडून बघा.