गावातल्या ज्येष्ठांची नैराश्य तपासणी: आधी पुढची सोय, मग प्रश्न

प्रश्नावली हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: ज्यांचे गुण जास्त येतील त्यांना कुठे, कोणत्या वारी, कोणाकडे न्यायचं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा नंबर, प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडीची वेळ, मानसोपचारतज्ज्ञ ज्या सरकारी रुग्णालयात बसतात तिथला त्यांचा वार, एसटीची वेळ आणि सोबत कोण जाणार, हे एका पानावर लिहून आशाताईंच्या डायरीत चिकटवा. हे पान तयार नसेल तर तपासणी पुढे ढकला. म्हाताऱ्या माणसाचं दुःख उकरून काढायचं आणि त्याला तसंच सोडून यायचं, हे न विचारण्याहून वाईट. जपानच्या निइगाता प्रांतातल्या मात्सुनोयामा गावात १९८० च्या दशकात सुरू झालेल्या कामामुळे ज्येष्ठांच्या आत्महत्या कमी झाल्या. तिथेही प्रश्नावलीपाठोपाठ डॉक्टरांचे उपचार आणि आरोग्यसेविकांचा पाठपुरावा चालू राहिला होता.

हजार वस्तीच्या गावात साठीपुढची शंभरेक माणसं धरा. एकाला अर्धा तास लागतो, दिवसाला चार घरं पुरेत. म्हणजे महिनाभराचं काम. एकटे राहणारे, वर्षभरात जोडीदार गेलेले, नुकतेच मोठ्या आजारातून उठलेले आणि ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत, त्यांची घरं आधी घ्या.

पहिली चाळणी दोन प्रश्नांची. तिशीपुढच्यांसाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात हे दोन प्रश्न आहेतच. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त झाले तर पुढची चाचणी करा. गडबड होते ती भाषेत. ‘रस वाटत नाही का’ असं विचारलं की म्हातारी माणसं नुसती बघत राहतात. ‘करमतं का? भजनाला, पारावर, नातवंडांत जीव रमतो का?’ असं विचारा. ‘दोन आठवडे’ ऐवजी ‘मागचे दोन बाजार झाले तेवढ्या दिवसांत’ म्हटलं की हिशेब नीट लागतो.

पुढची चाचणी जीडीएस-१५, म्हणजे ज्येष्ठांसाठीची १५ प्रश्नांची नैराश्य प्रश्नावली. उत्तरं फक्त हो किंवा नाही, त्यामुळे वाचता न येणाऱ्यांनाही तोंडी विचारता येते. ५ किंवा जास्त गुण आले की डॉक्टरांकडे. इथली नेहमीची चूक मोजणीची: १, ५, ७, ११ आणि १३ या प्रश्नांना ‘नाही’ म्हटल्यावर गुण मिळतो, बाकीच्यांना ‘हो’ म्हटल्यावर. त्या पाच आकड्यांभोवती आधीच गोल करून ठेवा. विसरभोळेपणा फार वाढलेला असेल तर या गुणांवर विसंबू नका, थेट डॉक्टरांना दाखवा. आणि गुणांवरून निदान ठरत नाही. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, एखादं चालू औषध यांनीही माणूस असाच मलूल होतो, म्हणून तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पिशवी सोबत द्या.

सुनेसमोर, मुलासमोर विचाराल तर ‘बरं चाललंय’ एवढंच ऐकू येईल. अंगणात, गोठ्याशी, जिथे दोघंच बसू शकाल तिथे बसा. कानाने कमी ऐकणाऱ्यांच्या समोर बसून सावकाश बोला. ओरडून विचारलेला प्रश्न शेजारच्या घरात जातो. पुरुष मंडळी रडू येतं असं सांगत नाहीत. अंग दुखतं, झोप नाही, जेवण जात नाही, एवढंच म्हणतात. ते नैराश्यही असू शकतं.

जीडीएस-१५ मध्ये आत्महत्येबद्दल थेट प्रश्न नाही. तो आपण विचारायचा, आणि विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. ‘आता देवाने न्यावं’ हे वाक्य म्हाताऱ्यांच्या तोंडी सतत असतं, म्हणून ते कानाआड केलं जातं. तिथेच थांबा. ‘आजी, असं का वाटतं?’ मग, ‘जगणं नकोसं होतं का?’ मग सरळ, ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का? तसं काही ठरवलंय का?’ उत्तर येईपर्यंत गप्प बसा. ‘असं बोलू नये, नातवंडांकडे बघा’ म्हणालात की बोलणं संपलं.

विचार येतात पण ठरवलेलं नाही, असं असेल तर दोन दिवसांत आरोग्य अधिकाऱ्यांची भेट घडवा. ठरवलंय म्हणाले, किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गरज पडली तर १०८ ला फोन करा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. घरातली शेतीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला सांगा, जास्तीच्या गोळ्याही. पोलीस केस होईल या भीतीने लोक प्रयत्न लपवतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, म्हणून त्याला शिक्षा होत नाही. घरच्यांना काय सांगायचं, हे आजींना विचारूनच ठरवा. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र विश्वासातल्या एकाला सांगावंच लागतं, आणि तेही आजींना आधी सांगून.

खरी गळती उपचार सुरू झाल्यावर होते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ‘फरक नाही’ म्हणून दहाव्या दिवशी गोळी बंद होते. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, साधारण सहा महिने तरी, ती चालू ठेवावी लागते. चक्कर, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. म्हातारपणी या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. पहिला महिना दर आठवड्याला घरी जा, मग पंधरा दिवसांनी. जाताना वहीत तीनच गोष्टी लिहा: गोळ्या किती उरल्या, झोप कशी, जिवाबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारला का. भेट चुकली तर दुसऱ्या दिवशी जा.