दुपट्यावरचे काळे डाग: अल्काप्टोन्यूरिया कसा ओळखावा

खानापूर किंवा चिक्कोडी भागातल्या एखाद्या घरी बाळाच्या दुपट्यांवर तपकिरी-काळे डाग दिसू लागले, तर दोष बहुधा विहिरीच्या पाण्याला दिला जातो आणि आईला नीट धुण्याचा सल्ला मिळतो. डाग साबण लावल्यावर फिके होण्याऐवजी अधिकच गडद होत असतील, तर मात्र ते दुपटे फेकू नये. अल्काप्टोन्यूरिया या दुर्मीळ आनुवंशिक विकाराची पहिली आणि पुढील दोन-तीन दशके बहुधा एकमेव खूण हीच असते.

प्रथिनांतील टायरोसिन या घटकाचे विघटन करणाऱ्या साखळीतले एक विकर (एन्झाइम) या व्यक्तींत काम करत नाही. त्यामुळे होमोजेंटिसिक आम्ल साठते, त्यातले पुष्कळसे लघवीवाटे जाते आणि हवा लागली की काळे पडते. अल्कलीयुक्त साबणाने ही क्रिया वेगाने होते.

घरी पाहायचे असल्यास सकाळची लघवी स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन, झाकण न लावता, दिवसभर ठेवावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्यावी. आरंभीचा रंग नेहमीसारखा असून तो वरच्या थरापासून काळपट होत गेला, तर संशय बळावतो. लघवी होतानाच लाल किंवा चहासारखी असेल, तर कारण रक्त, कावीळ किंवा एखादे औषध असू शकते, आणि त्यासाठी वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. रंग बदलला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण आम्लधर्मी लघवी काळी पडायला बराच वेळ घेते.

प्रौढपणी, साधारण तिशीनंतर, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तपकिरी ठिपके येतात, कानाची पाळी नव्हे तर वरची कूर्चा निळसर-करडी होते आणि कंबर आखडू लागते. नंतर गुडघे व खुबे झिजतात, मूतखडे होतात, हृदयाच्या झडपाही कडक होऊ शकतात. ही कंबरदुखी शेतातल्या ओझ्याची म्हणून वर्षानुवर्षे तेल चोळण्यात जाते, म्हणून मणक्यांच्या क्ष-किरण चित्रात चकत्यांमध्ये कॅल्शियम साठलेले दिसल्यास लहानपणच्या दुपट्यांची आठवण डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या खासगी रुग्णालयात जाताना दुपट्याचे आणि बाटलीचे वेळ नोंदवलेले छायाचित्र बरोबर न्यावे. केसपेपर कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, छायाचित्राला भाषांतर लागत नाही. निश्चितीसाठी लघवीतील होमोजेंटिसिक आम्लाची मोजणी मागावी. गरज पडल्यास जनुकीय तपासणी होते.

मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे आहे, म्हणून नाते लपवू नये. ब्रिटिश डॉक्टर आर्चिबॉल्ड गॅरॉड यांनी 1902 सालीच अशा रुग्णांचे आईवडील अनेकदा सख्खी चुलत-मामे भावंडे असल्याचे नोंदवले होते. दोन्ही पालक वाहक असतील, म्हणजे स्वतःला विकार नसूनही त्यांच्यात सदोष जनुकाची एक प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून भावंडांचीही तपासणी करावी.

आम्लाचे प्रमाण घटवणारे निटिसिनोन हे औषध युरोपात 2020 पासून प्रौढांसाठी मान्य आहे, पण त्याने टायरोसिन वाढून डोळ्यांना इजा होऊ शकते, त्यामुळे ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे.