फिरणारे क्वार्क आणि ऑप्शनला टाकलेलं बेसेल

परभणीला घरी गेलं की कुणीतरी विचारतंच, पीएचडी कशावर चाललीय? मी सांगतो, ‘ताक जोरात घुसळलं तर लोणी लवकर येतं का, तसलंच काहीतरी.’ पुढचा प्रश्न ठरलेला: मग नीटची परीक्षा का नाही दिलीस?

लोण्याच्या जागी क्वार्क, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले कण आहेत, एवढंच. सुमारे १५५ एमईव्हीला (तापमान ऊर्जेच्या एककात), म्हणजे साधारण १.८ लाख कोटी केल्विनला, प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा होतो, म्हणजे क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन मोकळे होतात. पाण्याच्या उकळीसारखा ठळक बिंदू इथे नाही, बदल हळूहळू होतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या ‘स्टार’ गटाने अणुकेंद्रकांच्या टकरीतून निघणाऱ्या लॅम्डा कणांच्या स्पिनचा (अंगच्या फिरकीचा) कल मोजला. अणुकेंद्रकं तिरकी धडकली की प्लाझ्मा भोवऱ्यासारखा फिरतो, आणि त्या कलावरून निघालेलं फिरण्याचं माप सेकंदाला ९ वर २१ शून्यं! मग विरघळण्याचं तापमान जागेवर राहील का?

या वाटेला यायचं असेल तर स्टॅटमेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) पक्कं करा. नेट, जेस्ट या परीक्षांनाही तेच कामाला येतं. फील्ड थिअरी, म्हणजे कणांचं क्वांटम गणित, हळूहळू अंगवळणी पडते. पहिलं गणित एनजेएल मॉडेलचं घ्या (यात फक्त क्वार्क, ग्लुऑन नाहीत), साध्या लॅपटॉपवर होतं. निर्वातात क्वार्क-अँटिक्वार्कच्या जोड्या असतात, त्यांचा एकूण कोनीय संवेग शून्य. फिरणं प्रत्येकाला अक्षाच्या बाजूला ओढतं, जोड्या कमजोर होतात आणि विरघळण्याचं तापमान खाली येतं.

माझी फजिती इथेच झाली. एमएस्सीला बेसेल फंक्शन हा गणितातला भाग मी ऑप्शनला टाकला होता. सरही म्हणाले होते, पेपरला येत नाही. सिलिंडरमध्ये फिरणाऱ्या क्वार्कच्या सूत्रात मात्र जिकडेतिकडे बेसेलच. त्यात मी त्रिज्या बेफिकीरपणे मोठी घेतली, आणि कडेचा वेग प्रकाशाच्या पुढे गेला! आलेख इतका देखणा आला होता की तीन आठवडे मी तो सगळ्यांना दाखवत सुटलो. कोनीय वेग गुणिले त्रिज्या प्रकाशवेगाच्या आत आहे ना, हे कोड चालवण्याआधी बघा.

खरी गंमत पुढे आहे. लॅटिसवाल्यांनी (अवकाश-काळाची जाळी करून संगणकावर हिशेब करणाऱ्यांनी) नुसते ग्लुऑन घेऊन हिशेब केला, तर हेच तापमान उलट वर गेलं. अर्थात त्यांनाही सरळ फिरवता येत नाही. ॲक्शन ही हिशेबातली मूळ राशी संमिश्र होते, म्हणजे तिच्यात काल्पनिक संख्या येतात, म्हणून काल्पनिक कोनीय वेग घेऊन उत्तर खऱ्या वेगाकडे वळवावं लागतं.

गाइडना विचारलं, दोघांत खरं कुणाचं? म्हणाले, ‘सोमवारपर्यंत तुझ्या मॉडेलमध्ये ग्लुऑन घालून बघ.’

त्याला आता आठ महिने झाले.