ट्रकचं बीसीएम बदलायचंय? मग जुना डबा अजून काढू नका

इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागतात, वायपर अर्ध्या काचेवर थांबतो, चावी काढली तरी केबिनचा लाईट चालूच, आणि सकाळी बघावं तर दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या. एवढं सांगितलं की समोरचा लगेच म्हणणार, बीसीएम गेलं, बदलून टाका. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, दिवे, इंडिकेटर, वायपर सांभाळणारा कॉम्प्युटरचा डबा. माझ्याकडे असं निदान घेऊन आलेल्या कितीतरी गाड्यांत डबा ठणठणीत होता आणि भानगड निघाली ती केबिनच्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये.

त्यामुळे आधी बीसीएमला येणारा सप्लाय आणि अर्थिंग तपासा, आणि तेही नुसत्या मल्टीमीटरने नाही. एकच तार जेमतेम चिकटून राहिलेली असली तरी मीटर २४ व्होल्ट दाखवतं आणि आपण फसतो. २१ वॅटचा २४ व्होल्टवाला बल्ब घ्या, दोन तारा जोडा आणि तो लावून बघा, मंद पेटला तर डबा नाही, वायरिंग खराब आहे. मग बॅटरीचा मास्टर स्विच बंद करून कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाईनच्या, दोन तारांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आलं की लाईन ठीक, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात, आणि १२० आलं तर एक टोक कुठेतरी सुटलंय. कपलर काढून पिना पण बघा, हिरवट झाल्या असतील तर काचेच्या रबरातून पाणी येतंय, ते बंद केल्याशिवाय नवीन डबा लावणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

आणि डबा खरंच जळला असेल तर का जळला ते शोधा. मागच्या बॉडीवर लावलेल्या एलईडीच्या माळा, चार सुरांचा हॉर्न, सगळं टेललाईटच्या तारेतून ओढलेलं असतं. जुन्या गाडीत फ्यूज उडायचा आणि विषय संपायचा, इथे बीसीएमच्या आतलंच आउटपुट जातं. दुसरं कारण वेल्डिंग. बॅटरीच्या तारा न काढता चेसिसवर वेल्डिंग करणाऱ्याला मी माझ्या गाडीजवळ उभा करत नाही.

आता खरं काम. डबा काढणं-बसवणं हे चार बोल्टचं काम आहे, ते कोणीही करेल. अडतं ते कोडिंगमध्ये, म्हणजे नव्या डब्यात गाडीची माहिती भरण्यात, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझं पहिलं बीसीएम एका टिपरचं होतं. नवा डबा आणला, पार्ट नंबर जुळवला, अर्ध्या तासात बसवला, वर शहाणपणा म्हणून जुना डबा आत काय असतं बघू म्हणत पेचकसने उघडला आणि बोर्ड मोडला. चावी फिरवली तर स्टार्टर गप्प, वायपर गप्प, मीटरवर दिव्यांची दिवाळी. नवा डबा कोरा होता, त्याला ही गाडी कुठली, चेसिस नंबर काय, टिपर आहे की ट्रेलर, फॉग लॅम्प आहेत की नाहीत, कशाचाच पत्ता नव्हता. ही सगळी माहिती जुन्या डब्यात होती आणि तो माझ्यासमोर दोन तुकड्यांत पडला होता. गाडी तीन दिवस उभी, शेठचा दर अर्ध्या तासाला फोन.

म्हणून आता क्रम ठरलेला आहे. जुना डबा गाडीत असतानाच स्कॅनर लावायचा आणि त्यातलं कॉन्फिगरेशन वाचून लॅपटॉपवर सेव्ह करायचं. इंडिकेटरचं आउटपुट जळलेलं असलं तरी डबा बोलत असतो, बहुतेक वेळा डेटा निघतो. सेव्ह झालेली फाईल उघडून १७ अक्षरांचा चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा, मगच पान्याला हात लावा. डबा बोलतच नसेल तर नवा विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या वर्कशॉपला चेसिस नंबर देऊन विचारा, तुम्ही ऑनलाईन कोडिंग करून द्याल का. हो म्हणाले तरच पैसे मोजा. भंगारातून काढलेला डबा स्वस्त पडतो खरा, पण त्यात दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर बसलेला असतो, काही गाड्यांत किलोमीटर आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक) पण, आणि ते सगळीकडे पुसता येत नाही. मी लावत नाही.

नवा डबा लावून फाईल लिहिताना व्होल्टेज पडता कामा नये. मी एकदा हॅझार्ड चालू ठेवून बसलो होतो, बॅटऱ्या आधीच दमलेल्या, रायटिंग मधेच तुटलं आणि नवा डबा तिथेच मेला. आता २५ व्होल्टच्या खाली असेल तर सुरूच करत नाही, स्थिर सप्लाय देणारा २४ व्होल्टचा सपोर्ट चार्जर लावतो, हेडलाईट, एसी, ब्लोअर बंद, ड्रायव्हरला खाली चहाला पाठवतो, कारण तो सवयीने एकदा तरी हॉर्न वाजवतोच. आणि म्युझिक सिस्टीमसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले असतील तर ते आधी तोडा, एक बॅटरी कायम अर्धी उतरलेली राहते ती त्यामुळेच.

डबा काढताना एकच काळजी, इग्निशन बंद केल्यावर लगेच मास्टर स्विच ओढू नका. बीएस-६ गाडीत ॲडब्लूचा (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) पंप लाईनमधलं ॲडब्लू मागे खेचतो, त्याला दोन-चार मिनिटं द्या, नाहीतर ते आत सुकून खडे होतात आणि एका कामाची दोन होतात. मग निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी. कपलरचा लिव्हर पूर्ण उघडा, ओढाताण नको, पिन वाकली तर दिवस गेला.

कोडिंग झालं की एरर क्लिअर करा, चावी बंद, पाच मिनिटं थांबा, परत चालू. मग एकेक स्विच दाबत ट्रकभोवती फिरा, एक माणूस मागे उभा करून रिव्हर्स लाईट, ब्रेक लाईट, दोन्ही इंडिकेटर बघा. इंडिकेटर फटाफट मारत असेल तर मागे कोणीतरी बल्ब काढून एलईडी घातलाय, कमी करंट बघून बीसीएमला वाटतं बल्ब उडाला. डब्याला दोष देऊ नका.

जुना डबा मी लगेच भंगारात देत नाही. गाडीचा नंबर मार्करने लिहून महिनाभर कपाटात ठेवतो, आणि हो, आता उघडून बघत नाही.