आय५ की आय७? चौदा हजार मोजण्याआधी घड्याळ लावून बघा

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक वहिनी मुलाला घेऊन दुकानात आल्या. हातात लॅपटॉपची दोन कोटेशनं होती, एक ५४ हजारांचं आणि दुसरं ६८ हजारांचं. कंपनी तीच, स्क्रीन तीच, रंगसुद्धा तोच. फरक प्रोसेसरचा, म्हणजे सगळी कामं करणाऱ्या मुख्य चिपचा: स्वस्तात आय५, महागात आय७. "ताई, इंजिनिअरिंगला निघालाय. चार वर्षं पुरायला हवा. ह्या चौदा हजारांनी खरंच फरक पडत असेल तर मी भिशीतले काढते, पण आधी तुम्ही सांगा."

इचलकरंजीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवायला लागून मला बारा वर्षं झाली. मी लॅपटॉप विकत नाही, त्यामुळे कुणी काय घेतलं यात माझं कमिशन नसतं. हा प्रश्न मात्र आठवड्यातून एकदा तरी येतोच. माणसं भिशीतले, पीएफमधले, सोनं ठेवून आणलेले पैसे घेऊन येतात, म्हणून त्याचं उत्तर मी नीट, मोजून देते. कसं मोजायचं ते इथे लिहिते.

सगळ्यात आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव मिळवा. दुकानदार "आय सेव्हन आहे" म्हणाला म्हणजे त्याने तुम्हाला अर्धंच नाव सांगितलं. वहिनींच्या कागदावर एकात आय५-१२३५यू होता आणि दुसऱ्यात आय७-१२५५यू. दोन्ही इंटेलच्या बाराव्या पिढीचे. दोन्हींत दहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), म्हणजे दोन मोठे आणि आठ छोटे. कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी, दोन्हींत १२ एमबी. दोघांचीही मूळ वीज १५ वॅट. फरक कुठे? पहिल्याचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.७. म्हणजे सात टक्क्यांच्या आतबाहेर. आतली ग्राफिक्स (चित्र दाखवणारा भाग) आय७ मध्ये थोडी मोठी आहे, पण मशीनमध्ये रॅमची (चालू कामाच्या मेमरीची) एकच पट्टी असेल तर तिला पुरेसा डेटाच पोचत नाही आणि तो फायदा बराचसा वाया जातो. त्या दोन्ही लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी होती.

आता त्याच पिढीतला आय५-१२४०पी घ्या. नावात आय५ आहे, पण मोठे कोअर चार आहेत आणि मूळ वीज २८ वॅटची. लांबलचक, सगळे कोअर कामाला लावणारं काम असेल तर हा आय५ त्या आय७ च्या आधी मोकळा होतो. म्हणून आय५, आय७ या आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर आधी बघा. यू म्हणजे कमी विजेवर चालणारा, पी म्हणजे २८ वॅटचा मधला, एच म्हणजे ४५ वॅटच्या घरातला दांडगा, एचएक्स त्याहून वर. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नावातला 'आय' काढून कोअर ५, कोअर ७, कोअर अल्ट्रा अशी नावं सुरू केली. त्यातही कोअर ५ १२०यू आणि कोअर ७ १५०यू या दोघांत कोअर तितकेच आहेत, फरक कमाल वेगाचा, ५ गिगाहर्ट्झ आणि ५.४.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरमध्ये याहून जास्त सांभाळावं लागतं. ७००० च्या मालिकेत पहिला आकडा फक्त वर्ष सांगतो, आतली रचना किती जुनी हे तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू वाचून वाटतं, नवा आहे. तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ रचना, आणि कोअर चारच. त्याच्या आधीच्या मालिकेतल्या रायझन ५ ५५००यू मध्ये रचना तीच, पण कोअर सहा. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि सहा कोअर. एका आकड्याने इतकं बदलतं. कोटेशनवर नुसतं 'रायझन ५' लिहिलेलं असेल तर परत पाठवा आणि पूर्ण नाव लिहून मागा.

नाव कळलं. आता तुमचं काम प्रोसेसरपाशी अडतं का, हे बघायचं. खरं उत्तर इथेच मिळतं आणि इथेच बहुतेक जण घाई करतात.

सूत व्यापाऱ्याकडे हिशेब बघणारे एक काका लॅपटॉप घेऊन आले होते. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायला चार मिनिटं लागतात, प्रोसेसर म्हातारा झाला, आता आय७ च घेतो, असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं. मी त्यांना शेजारी बसवलं आणि म्हटलं, तुम्ही रोज सकाळी करता तेच करा, मी फक्त बघते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स उघडलं. काकांनी टॅलीवर क्लिक केलं. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा १५ ते २० टक्क्यांत रेंगाळत होता. खाली डिस्कचा आकडा मात्र १०० ला जाऊन टेकला तो हललाच नाही. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. प्रोसेसर बिचारा हात बांधून माल येण्याची वाट बघत होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं चाललं होतं. साडेतीन हजारांत एसएसडी (न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) बसवली, तीच टॅली तीस सेकंदांच्या आत उघडायला लागली. काका ते मशीन अजून वापरतात.

तुमच्या आत्ताच्या मशीनवर असंच एक आठवडा करा. टास्क मॅनेजर बाजूला उघडा ठेवा. जिथे जिथे तुम्हाला थांबावं लागतं तिथे फोनवरचं स्टॉपवॉच लावा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: काय करत होतात, किती सेकंद थांबलात, त्या वेळी कुठला आकडा वर होता. डिस्क वर असेल तर एसएसडी. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम. दोन्ही खाली आणि सीपीयू वर, तरच प्रोसेसरचा विचार. आणि काहीच वर नसेल, तरीही थांबावं लागत असेल, तर बहुतेक इंटरनेट किंवा समोरचा सर्व्हर. जीएसटीचं पोर्टल २० तारखेला रखडतं तेव्हा कुठलाही आय९ मदतीला येत नाही.

एक बारकावा. सीपीयूचा एकूण आकडा फसवू शकतो. १२ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी बारा कामं हाताळणाऱ्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण ताणलेला असेल तर एकूण आकडा जेमतेम ८-१० टक्के दिसतो. म्हणून त्या आलेखावर राइट क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' आणि मग 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. एखादी-दुसरी चौकट वर आणि बाकीच्या सपाट दिसल्या तर तुमचं काम एका कोअरवर चालतंय. एक्सेलमधले व्हीबीए मॅक्रो (आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम) असेच चालतात, नकाशे काढायच्या ऑटोकॅडचंही पुष्कळसं काम तसंच. अशा माणसाने जास्त कोअरसाठी पैसे मोजू नयेत. नवी पिढी आणि जास्त कमाल वेग बघावा.

आता हिशेब. चौदा हजार रुपये, चार वर्षं, वर्षाला साधारण ३०० दिवस वापर. म्हणजे १२०० दिवस, दिवसाला पावणेबारा रुपये. एवढ्यात रोज काय मिळतं? समजा तुमचा मॅक्रो रोज तीन मिनिटं घेतो आणि प्रोसेसर सात टक्के वेगवान आहे. वाचले बारा सेकंद. आणि दहा मिनिटांच्या कामात प्रोसेसरचा वाटा चारच मिनिटांचा असेल, बाकी डिस्क, इंटरनेट आणि तुमचं टायपिंग, तर पंचवीस टक्के वेगवान प्रोसेसरही त्या चार मिनिटांची तीन मिनिटं बारा सेकंद करतो. उरलेली सहा मिनिटं जशीच्या तशी. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम हाच आहे. माझ्या दुकानात तो रोज खरा ठरताना मी बघते.

आमच्याच बोळात लग्नाचे व्हिडिओ करणारा एक मुलगा आहे, त्याचा हिशेब अगदी वेगळा निघाला. तुळशीची लग्नं झाली की त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याच्या वहीत एक्स्पोर्टसमोर (पूर्ण व्हिडिओची फाइल तयार करण्यासमोर) १३० मिनिटं लिहिलेली आणि सीपीयू सगळा वेळ ९५ च्या वर. त्याला मी निःशंकपणे जास्त पैसे घालायला सांगितलं. पण तिथेही नुसता 'जोरदार' प्रोसेसर बघून चालत नाही. त्याचा कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ चित्रण करतो, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेला, घट्ट दाबून साठवलेला व्हिडिओ. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या आतल्या ग्राफिक्सला ते थेट उलगडता येतं, एनव्हिडियाच्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डांना ते आरटीएक्स ५० मालिकेपासून जमायला लागलं. त्यामुळे त्याच्यासाठी इंटेलचा एच मालिकेतला घेतला. टाइमलाइन अडकायची थांबली, एक्स्पोर्ट ५५ मिनिटांवर आला. रोज सव्वा तास वाचला तर पावणेबारा रुपये काहीच नाहीत. मोठं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा कंपाइल करणारे, थ्रीडी रेंडर करणारे, हेही याच रांगेतले.

उष्णतेबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमचं गाव यंत्रमागांचं. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. गेल्या एप्रिलमध्ये एक चांगला एच मालिकेतला लॅपटॉप आला, तक्रार अशी की आय७ असून आय३ सारखा चालतो. मागचं झाकण काढलं, पंखा सोडवला. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या मध्ये करड्या रंगाची गादी जमलेली, नमद्यासारखी दाबून बसलेली. चिमट्याने धरून ओढली तर अखंड पट्टी निघाली, बोटाएवढी लांब. टास्क मॅनेजरमधला 'स्पीड' काम सुरू केल्यावर १.४ गिगाहर्ट्झवर यायचा, साफ करून प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलल्यावर तोच ३.५ च्या पुढे टिकला. अडीचपट वेग, तोही नवा प्रोसेसर न घेता. तुमचा लॅपटॉप हळू झालाय असं वाटत असेल तर आधी ही सफाई करून घ्या, मगच ठरवा.

नव्या मशीनलाही हेच लागू आहे. एकच प्रोसेसर पातळ लॅपटॉपमध्ये पाच मिनिटांत गुदमरतो आणि जाड्यात तासभर तग धरतो, कारण किती वॅट द्यायचे हे लॅपटॉपची कंपनी ठरवते. म्हणून चाचण्या बघताना प्रोसेसरच्या नव्हे, त्या नेमक्या मॉडेलच्या बघा, आणि त्यातही सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) एकदा नव्हे, सलग दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर आलेले आकडे.

जास्तीचे पैसे घालण्याच्या बाजूचा एक मुद्दा मी प्रामाणिकपणे मांडते. आजच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डवर डाकलेला असतो, नंतर बदलता येत नाही. एसएसडी बहुतेक वेळा बदलता येते, रॅम काहींत वाढवता येते. कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, घेताना जेवढी घेतली तेवढीच. म्हणून माझा क्रम असा: रॅम वाढवता येत नसेल तर पहिले पैसे १६ जीबीवर, मग चांगल्या थंडाव्याच्या मॉडेलवर, मग पुढच्या पिढीच्या प्रोसेसरवर, आणि सगळ्यात शेवटी त्याच पिढीतल्या आय५ वरून आय७ वर. तुमच्याकडचा जुना प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते. तिथे नवं मशीन घेणं योग्यच, पण ते सुरक्षिततेसाठी.

वहिनींच्या मुलाला मी विचारलं, कुठली शाखा? सिव्हिल. मग ऑटोकॅड, थोडं रेव्हिट (इमारतींचं थ्रीडी आरेखन), बाकी नोट्स आणि ब्राउझर. आय५ वाला घ्या म्हटलं, त्यात एक स्लॉट मोकळा होता, ८ जीबीची दुसरी पट्टी घाला. पट्टी दोन हजारांची आली. उरलेल्या बारा हजारांतून त्याला कोल्हापुरात राहायला गेल्यावर खुर्ची आणि बाहेरची स्क्रीन घेता आली. ए१ आकाराच्या मोठ्या कागदाच्या ड्रॉइंगला त्या स्क्रीनचा जो उपयोग होतो तो ०.३ गिगाहर्ट्झचा झाला नसता.

दुकानात पैसे देण्याआधी एवढं करा. लॅपटॉप सुरू करायला सांगा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूवर क्लिक करा, वर उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. मेमरीवर क्लिक केलं की 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं, त्यावरून मोकळी जागा आहे का ते कळतं. मात्र डाकलेली रॅमही तिथे स्लॉट म्हणून दिसू शकते, त्यामुळे मॉडेलच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. मग कोटेशनवरचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, आणि बिलावर तेच पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या.