द्रावणाची वस्तुमान टक्केवारी काढताना छेद तपासा

वस्तुमान टक्केवारी म्हणजे द्राव्याच्या वस्तुमानाला संपूर्ण द्रावणाच्या वस्तुमानाने भागून १०० ने गुणल्यावर येणारी संख्या होय. येथे छेदात केवळ पाणी नव्हे, तर द्राव्य आणि द्रावक यांची बेरीज घ्यावयाची असते. त्यामुळे १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवल्यास द्रावण १० टक्क्यांचे न होता सुमारे ९.०९ टक्क्यांचे होते. अचूक १० टक्क्यांसाठी ९० ग्रॅम पाणीच घ्यावे.

खरी अडचण स्फटिकजल, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले पाणी, असलेल्या क्षारांबाबत येते, आणि नेमके तेच उदाहरण सरावात क्वचित दिले जाते. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकांत कॉपर सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात; स्फटिकाचे मोलर वस्तुमान (एका मोलचे वस्तुमान) सुमारे २४९.७ ग्रॅम आणि निर्जल क्षाराचे १५९.६ ग्रॅम असल्याने, तोललेल्या स्फटिकांपैकी केवळ ६३.९ टक्के भाग प्रत्यक्ष कॉपर सल्फेटचा असतो. म्हणून निर्जल क्षाराच्या हिशेबाने ५ टक्क्यांचे १०० ग्रॅम द्रावण हवे असल्यास ५ ÷ ०.६३९, म्हणजे सुमारे ७.८२ ग्रॅम स्फटिक आणि ९२.१८ ग्रॅम पाणी घ्यावे लागते, कारण स्फटिकांतील पाणीही द्रावकातच मिसळते.

द्रव मोजपात्राने मोजला असेल, तर आकारमानाला घनतेने गुणून आधी वस्तुमान काढावे. ३७ टक्क्यांच्या, १.१८ ग्रॅम प्रति मिलिलिटर घनतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०० मिलिलिटर ११८ ग्रॅम भरतात आणि त्यांत हायड्रोजन क्लोराइड ३७ नव्हे, सुमारे ४३.७ ग्रॅम असते.